समुपदेशकाकडे जाताय? फी किती, वेळ रद्द केली तर किती, आणि कोणाकोणाला कळणार, हे आधी विचारा

समुपदेशकाला पहिला फोन करायला कधीकधी सहा महिने जातात. आणि एकदा तो केला की पैशांचे विचारायला जीभ रेटत नाही. मनातले दुखणे सांगायला निघालो आणि विचारतोय काय, तर पावती मिळेल का, असे वाटून माणूस गप्प बसतो. तुम्ही गप्प बसू नका. नंतरच्या बहुतेक कटकटी तीनच गोष्टींवरून होतात: पैसे किती, वेळ चुकली तर किती, आणि इथे बोललेले बाहेर कोणाला कळणार. तिन्हींची उत्तरे पहिल्या भेटीच्या आधी मिळायला हवीत. जो नीट काम करतो त्याच्याकडे ती तयार असतात आणि विचारल्याचा त्याला राग येत नाही.

फोनवर एवढे विचारा. पहिल्या भेटीची फी किती? पुढच्या भेटींची तीच का? एक सेशन किती मिनिटांचे? आदल्या दिवशी रद्द केले तर पैसे पडतात का? पावती मिळते का आणि ती कोणाच्या नावाने असते? तुमची पदवी आणि नोंदणी कोणती? तीन मिनिटांचे काम आहे. शेवटी म्हणा, "हे मला व्हॉट्सॲपवर टाकाल का?" दर लेखी आला की पुढे वाद राहत नाही.

पाटी नीट वाचा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला. औषध लिहून देण्याचा अधिकार याला आहे, आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, याने भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) मान्य केलेले प्रशिक्षण घेतलेले असते आणि त्याला परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. हा तज्ज्ञ चाचण्या घेतो, उपचार करतो, पण औषध देत नाही.

तिसरी पाटी 'समुपदेशक'. इथे सावध राहा. मानसशास्त्रात एमए करून अनेक वर्षे उत्तम काम करणारे लोक या पाटीखाली आहेत, आणि दोन शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून बसलेलेही आहेत. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला आणि मानसशास्त्रज्ञांना त्याच्या कक्षेत आणले. पण प्रत्येक पाटीमागचा माणूस नोंदणीत असेलच असे धरून चालू नका. पदवी कोणत्या विद्यापीठाची, किती वर्षे काम, कोणाच्या देखरेखीखाली शिकलात, हे विचारा. 'लाइफ कोच', 'हीलर', 'माइंड ट्रेनर' या शब्दांना कायद्याने काही अर्थ नाही. तिथे पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

फी

ढोबळ अंदाज असा. मुंबई, ठाणे, पुण्यात अनुभवी मानसशास्त्रज्ञाचे एक सेशन साधारण १,००० ते ३,००० रुपयांच्या घरात पडते. नाव मोठे असेल तर त्याहून जास्त. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अमरावतीसारख्या शहरांत बरेचदा ५०० ते १,२०० मध्ये काम होते. ऑनलाइन म्हणजे स्वस्त असा नियम नाही. बरेच जण दोन्हीकडे सारखीच फी घेतात. सेशन ४५ ते ६० मिनिटांचे. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट लांब असते, पुढच्या भेटी १०-१५ मिनिटांच्या, कारण त्या मुख्यतः औषधासाठी असतात. एवढ्या वेळात मन मोकळे करायचा बेत करून जाल तर निराश व्हाल.

एका सेशनची फी ऐकून खर्च ठरवू नका. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी आठवड्याला एक भेट सांगतात. १,५०० रुपये फी असेल तर दोन महिन्यांत आठ भेटी, म्हणजे १२,००० रुपये. त्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि अर्ध्या दिवसाची रजा धरा. हा खर्च तीन महिने झेपणार नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा. "मला महिन्याला इतकेच जमेल" हे वाक्य या खोलीत अजिबात कमीपणाचे नाही. त्यावर अनेक समुपदेशक पंधरवड्याने भेटायचे ठरवतात, काही जण विद्यार्थ्यांना किंवा कमी उत्पन्न असलेल्यांना सवलत देतात. सवलत फलकावर नसते, ती मागावी लागते.

किती भेटी लागतील हे फोनवर कोणी सांगू शकणार नाही. पण दोन-तीन भेटींनंतर अंदाज मागायचा तुम्हाला हक्क आहे. "बघू या" हेच उत्तर सहाव्या भेटीतही मिळत असेल तर थांबून स्पष्ट बोला: आपण कशावर काम करतोय, आणि बरे वाटतेय हे कसे ओळखायचे?

आता फीशिवायचे पैसे, कारण खिसा फाटतो तो इथे. नोंदणी शुल्क किंवा पहिल्या भेटीची दीडपट-दुप्पट फी. जोडप्याच्या सेशनला वेगळा दर. रविवारी किंवा रात्री आठनंतर जादा आकार. रजेसाठी पत्र, शाळेसाठी पत्र, कोर्टासाठी अहवाल, प्रत्येकाचा वेगळा दर. ऑनलाइन मंचाचा 'प्लॅटफॉर्म चार्ज'. मधल्या काळातल्या फोनचे पैसे. काही जण दहा मिनिटांपर्यंत घेत नाहीत, काही पाचव्या मिनिटापासून घेतात. यातले काहीही बेकायदा नाही. आधी न सांगता बिलात टाकणे मात्र चूक आहे, आणि तिथे तुम्ही हरकत घेऊ शकता.

सगळ्यांत जड आकडा चाचण्यांचा असतो. बुद्ध्यांक, व्यक्तिमत्त्व, अध्ययन अक्षमता, एडीएचडी यांच्या चाचण्या दोन-तीन बैठकांत होतात आणि लेखी अहवालासह खर्च काही हजारांत जातो. चाचणीला 'हो' म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा: ही आत्ताच का हवी, अहवालाचे पैसे यातच आहेत का, अहवाल किती दिवसांत मिळेल, आणि ज्या कामासाठी हवा तिथे तो चालेल का. शेवटचा प्रश्न मुलांच्या आईवडिलांनी तर विसरूच नये. दहावी-बारावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेसाठी सवलत हवी असेल तर अधिकृत केंद्राचा दाखला लागतो. खासगी अहवालावर हजारो रुपये घालून मग सरकारी रुग्णालयात पहिल्यापासून सुरुवात करणारे पालक मी पाहिले आहेत. आधी शाळेत जा, कोणत्या केंद्राचा दाखला चालतो ते लेखी घ्या, मग चाचणी करा. आणि लवकर करा. परीक्षा तोंडावर आली की या केंद्रांवर तारखा मिळत नाहीत.

दहा किंवा वीस सेशनचे पॅकेज सवलतीत देऊ करतील. पहिल्या भेटीत घेऊ नका. या माणसाशी आपले जमते का हे कळायला दोन-तीन भेटी लागतातच, आणि नाही जमले तर पॅकेजचे पैसे पाय अडकवून ठेवतात. घ्यायचेच असेल तर मुदत किती, मध्येच सोडले तर उरलेले पैसे परत मिळतील का, आणि समुपदेशकानेच नोकरी सोडली तर काय, ही तीन उत्तरे लेखी हवीत.

बिलावर जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक शोधा. जीएसटी नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करता येत नाही, आणि सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणीकृत डॉक्टर आणि क्लिनिक यांच्या आरोग्यसेवेवर जीएसटी नाही. क्रमांक नसताना १८ टक्के लावले असतील तर तिथल्या तिथे विचारा.

वेळ रद्द केली तर

दवाखान्यात तुम्ही गेला नाहीत तर डॉक्टर पुढचा पेशंट घेतात. समुपदेशनात तसे होत नाही. तो तास तुमच्यासाठी राखलेला असतो, आणि ऐनवेळी रिकामा झालेला तास सहसा भरत नाही. त्यामुळे उशिरा रद्द केल्यावर पैसे आकारणे ही लूट नाही. नियम मात्र स्वच्छ हवा आणि पहिल्या भेटीआधी सांगितलेला हवा.

बहुतेक ठिकाणी २४ तासांचा नियम असतो, काही ठिकाणी ४८. त्याआधी कळवले तर काही नाही. त्यानंतर कळवले तर अर्धी किंवा पूर्ण फी. न कळवता गैरहजर राहिलात तर पूर्ण फी. यातली मेख तासांच्या मोजणीत आहे. सोमवारी सकाळी दहाची वेळ असेल आणि रविवारी दवाखाना बंद असेल, तर रविवारी सकाळी नऊला पाठवलेला निरोप वेळेत धरणार का? काही ठिकाणी 'कामाचे २४ तास' मोजतात, म्हणजे तुम्हाला शनिवारीच कळवावे लागते. हे विचारून ठेवा. रद्द करायचेच असेल तर फोन करा, आणि फोननंतर संदेशही पाठवा. वेळ नोंदलेला संदेश हाच तुमचा पुरावा. रिसेप्शनवरच्या ताईंना सांगितले होते, याला नंतर काही किंमत राहत नाही.

अचानक ताप आला, मूल आजारी पडले, मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या, घरात कोणी गेले. अशा वेळी बहुतेक समुपदेशक पैसे घेत नाहीत किंवा ऑनलाइन सेशनचा पर्याय देतात. तरी 'आणीबाणीत सूट' म्हणजे नेमके काय, वर्षातून किती वेळा, हे विचारलेले बरे. मुंबईकरांनी तर जून ते सप्टेंबरसाठी ऑनलाइनची सोय आधीच ठरवून ठेवावी.

उशिरा पोहोचलात तर सेशन ठरलेल्या वेळीच संपते आणि फी पूर्ण पडते. पन्नास मिनिटांच्या सेशनला वीस मिनिटे उशीर म्हणजे १,५०० रुपयांतले ६०० गेले असे समजा. सेशन ऑनलाइन असेल आणि तुमच्याकडचे नेट गेले तर पैसे बहुधा तुमचे. त्यांच्याकडचे गेले तर त्यांनी वेळ भरून द्यायला हवा. नेट गेल्यावर साध्या फोनवर बोलून सेशन पुरे करायचे, असे आधी ठरवले तर दोघांचेही नुकसान होत नाही.

एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: त्यांनीच ऐनवेळी रद्द केले तर? तुम्ही रजा टाकून, रिक्षा करून दारात पोहोचलात आणि कळले की आज मॅडम नाहीत. ज्या ठिकाणी तुमच्याकडून २४ तास आधी सूचना मागतात, तिथे त्यांनाही तोच नियम लागू हवा. पुढचे सेशन मोफत किंवा निम्म्या फीत देणारी ठिकाणे आहेत. निदान भरलेले पैसे त्याच दिवशी परत मिळावेत. संमतीपत्रात नियम एकतर्फी दिसला तर सही करण्याआधी पेनाने ओळ वाढवायला सांगा. मी हे सांगून पाहिले आहे, बहुतेक जण मान्य करतात.

आगाऊ भरलेली सगळी रक्कम एका चुकलेल्या वेळेसाठी बुडवली तर ती ठोकळेबाज अट तुमच्या गळ्यात टिकून राहीलच असे नाही. नुकसानाच्या मानाने भलताच मोठा दंड लावणाऱ्या करारांना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ 'अन्याय्य करार' म्हणतो. 'पैसे परत मिळणार नाहीत' असे पावतीवर छापले म्हणजे विषय संपत नाही.

कोणाला कळणार?

सर्वांत मोठी भीती ही, आणि तिच्यापायी लोक येतच नाहीत. आधी कायदा काय म्हणतो ते पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार तुमचा आजार, उपचार आणि तुम्ही सांगितलेले सारे गुप्त राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. कलम २४ नुसार तुमच्या संमतीशिवाय फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही, आणि संगणकात साठवलेल्या नोंदींनाही हेच संरक्षण आहे. कायदा मोडला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण हा कायदा मानसिक आजार आणि त्यावर उपचार करणारे आरोग्यव्यावसायिक यांच्याभोवती लिहिलेला आहे. नवऱ्याशी पटत नाही, नोकरीत जीव रमत नाही, म्हणून तुम्ही साध्या समुपदेशकाकडे गेलात तर हा कायदा तुमच्या बाजूने किती ताणता येईल यावर वाद होऊ शकतो. तिथे दोन गोष्टी हाताशी धरा. एक, सही केलेले संमतीपत्र, ज्यात गुप्ततेची हमी स्पष्ट लिहिलेली आहे. दोन, ग्राहक संरक्षण कायदा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायदेशीर कारणाविना दुसऱ्याला सांगणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या प्रत्येकाला ती लागू होते, पाटीवर काहीही लिहिलेले असो.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि प्रामाणिक समुपदेशक ते पहिल्या भेटीतच सांगतो. तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्याकडून दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका असेल, न्यायालयाचा किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा आदेश असेल, उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणे गरजेचे असेल, तर माहिती दिली जाते. तीही गरजेपुरती. 'मरावेसे वाटते' एवढे बोललात म्हणून कोणी लगेच घरी फोन करत नाही. नेमका बेत, साधन, वेळ ठरल्याचे दिसले तर करतात, आणि करायलाच हवा. पोलिसांच्या भीतीने हे बोलणे टाळू नका. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ घेतलेलेच नाही.

एका अपवादात समुपदेशकाच्या हातात काहीच नसते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे. "कोणाला सांगू नका" अशी विनंती इथे चालत नाही.

घटस्फोटाचा किंवा मुलांच्या ताब्याचा दावा चालू असेल, होण्याची शक्यता असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वकिलाशी झालेल्या बोलण्याला आपल्या पुराव्याच्या कायद्यात जे कवच आहे, ते समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. न्यायालय नोंदी मागवू शकते. जोडप्याने एकत्र जाताना विचारा: फाइल एकच की दोन, एकाने मागितली तर दुसऱ्याचे बोलणेही हाती पडणार का, आणि एकट्याने फोन करून सांगितलेले तुम्ही दुसऱ्यापासून लपवणार का? उत्तर काहीही असो, सेशन सुरू होण्याआधी दोघांसमोर ठरावे.

मुलांच्या बाबतीत उलट बाजूने सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलीने आत काय सांगितले ते सगळे तुम्हाला कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तसे झाले तर ती दुसऱ्या भेटीत बोलणारच नाही. धोक्याचे काही असेल तर कळवतील, बाकी तिचे तिच्यापाशी, असा करार तिघांनी मिळून करायचा असतो.

आता रोजच्या वापरातल्या गळत्या. इथे कायदा पोहोचत नाही, तुम्हालाच पाहावे लागते.

संयुक्त खात्यातून यूपीआय केलेत तर पासबुकात क्लिनिकचे नाव उमटते. ट्रूकॉलर असेल तर घरी टेबलावर वाजणाऱ्या फोनवर 'अमुक मानसोपचार केंद्र' अशी पाटी झळकते. उद्याच्या भेटीची आठवण करून देणारा संदेश लॉक असलेल्या पडद्यावरही दिसतो. म्हणून नोंदणी करतानाच सांगा: फोन करू नका, फक्त संदेश पाठवा, तोही विषय न लिहिता; मी रोख देईन; पावतीवर फक्त 'सल्ला शुल्क' लिहा. हे मागणे नेहमीचे आहे, तिथे कोणाला नवल वाटत नाही.

फॉर्मवर 'आणीबाणीत कोणाला कळवायचे' असा रकाना असतो. घाईत बहुतेक जण नवऱ्याचे, बायकोचे किंवा वडिलांचे नाव लिहून मोकळे होतात. ज्या माणसामुळे तुम्ही इथे आलात त्याचेच नाव लिहू नका. कळले तरी चालेल अशी मैत्रीण, मावशी, भाऊ, कोणीही चालते.

लहान गावात प्रश्न वेगळा असतो. तिथे बाकावर शेजारी बसलेला माणूस तुमच्या मेव्हण्याच्या ओळखीचा निघतो. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवता का, मागचे दार आहे का, पहिली वेळ मिळेल का, हे विचारा. पहिल्या भेटीत खोली ऐका. प्लायवुडच्या भिंतीपलीकडचा आवाज तुम्हाला ऐकू येत असेल तर तुमचाही बाहेर जाणार. एका ठिकाणी रिसेप्शनवर भरल्या बाकासमोर मला मोठ्याने विचारले होते, "काय त्रास होतो?" मी तिथे परत गेलो नाही. तुम्हाला असे विचारले तर "ते मी आतच सांगेन" एवढे पुरे.

सेशनचे रेकॉर्डिंग तुमच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये. शिकाऊ विद्यार्थी खोलीत बसणार असेल तर नाही म्हणता येते. नोंदी कुठे ठेवता, किती वर्षे, आणि मोबाइल हरवला तर काय, हे विचारा. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ ने दिला आहे. त्यातून तुम्हाला गंभीर मानसिक इजा किंवा दुसऱ्याला अपाय होईल असे वाटले तर काही भाग राखून ठेवता येतो, पण तसे तुम्हाला सांगावे लागते.

कंपनीने मोफत सेशन दिले असतील तर घ्या. फक्त आधी विचारा की एचआरला काय जाते. नावाशिवाय नुसती संख्या जाते असे उत्तर हवे, आणि ते ईमेलवर हवे.

काय न्यायचे, काय जपायचे

खासगी समुपदेशकाकडे पहिल्या भेटीला ओळखपत्र सहसा लागत नाही. व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो मागितला तर कशासाठी ते विचारा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जुनी औषधांची चिठ्ठी, चालू गोळ्यांची यादी आणि असेल तर थायरॉइडचा अलीकडचा रिपोर्ट न्या. नाहीतर तीच तपासणी पुन्हा करावी लागते. मूल असेल तर आईवडिलांपैकी एकाने सोबत जायचे.

प्रत्येक भेटीची पावती घ्या. तारीख, नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्कम हवी. बिल देण्यास नकार देणे हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा आहे.

विम्याबद्दल गैरसमज पुष्कळ. शारीरिक आजाराला जसा विमा तसा मानसिक आजारालाही द्यावा, असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते. त्याचा उपयोग मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो. आठवड्याच्या समुपदेशनाचे पैसे मिळायला पॉलिसीत ओपीडीची सोय लागते, आणि बहुतेकांच्या पॉलिसीत ती नसते. दावा केला की निदान विमा कंपनीकडे जाणार, हे धरून चाला. नवी पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नका. पुढे दावा नाकारायला तेवढे कारण पुरते.

पैसे नसतील तर

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. दाखल व्हावे लागते असे नाही. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी, औषध आणि समुपदेशन मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे आणि पुण्यात ससून इथे मानसोपचार विभाग आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि पालिकेच्या रुग्णालयांत केसपेपरचे किरकोळ पैसे पडतात. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या वेळीच पोहोचा, आधार किंवा रेशनकार्ड सोबत ठेवा, निम्मा दिवस जाईल असे धरा. गर्दी असते, बोलायला वेळ कमी मिळतो, शिकाऊ डॉक्टर भोवती असतात. पण औषध खरे असते आणि डॉक्टर नोंदणीकृत असतो.

नवराबायकोचा वाद कुटुंब न्यायालयात पोहोचलाच असेल तर तिथल्या विवाह समुपदेशकाला फी द्यावी लागत नाही.

तक्रार

आधी लेखी कळवा आणि पंधरा दिवस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार फक्त करार अन्याय्य असल्याची असेल तर ती राज्य आयोगापुढे जाते. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल मेडिकल कौन्सिल, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाबद्दल पुनर्वास परिषद. साध्या समुपदेशकाबद्दल दाद मागायची तर ग्राहक आयोग हाच सरळ रस्ता उरतो. म्हणून ते संमतीपत्र आणि त्या पावत्या जपून ठेवा. तक्रारीत आतले काय बोलणे झाले ते लिहायची गरज नाही. तारीख, रक्कम आणि काय चुकले, एवढे पुरते.

आणि आज वेळ मिळत नाही, फी जमत नाही, पण थांबवतही नाही अशी अवस्था असेल तर १४४१६ हा क्रमांक लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येते, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, अपॉइंटमेंट लागत नाही.